उतारा शंखी गोगलगायीवर, मरण पार्टुलाचं

मृगाचे चार-सहा पाऊस पडून गेले की कोकणातल्या वाड्यांमध्ये शंखी गोगलगायी वर येतात. रात्री बॅटरी घेऊन आगरात उतरलं तर पाय ठेवायला जागा सापडत नाही. पोफळीच्या बुंध्यावर त्याच, केळीच्या कोंबावर त्याच, अळवाच्या पानांखाली, गडग्याच्या चिऱ्यांवर, विहिरीच्या काठालाही त्याच. संध्याकाळी तरारून उभं असलेलं पपईचं रोप सकाळी नुसता दांडा होऊन राहतं. मिरची, वांगी, झेंडू, दोडक्याचा वेल, काही म्हणून त्या सोडत नाहीत.

अशा दिवसांत चार बागायतदार एकत्र बसले की कुणीतरी वडीलधारा म्हणतोच, "अरे, ह्यांना खाणारं काहीतरी आणून सोडा की वाडीत. औषधाचा खर्च नको नि रात्रीचं वेचत बसणं नको." बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. विषाच्या गोळ्या टाकण्यापेक्षा एका जीवाकडून दुसऱ्याचा बंदोबस्त करून घ्यावा, यात वावगं काय, असं कुणालाही वाटेल.

पण हा उपाय जगात करून झालेला आहे, आणि तोही नेमक्या याच गोगलगायीवर. दक्षिण प्रशांत महासागरातल्या ताहिती, मूरेआ आणि आसपासच्या बेटांवर तो केला गेला. शंखी गोगलगाय तिथे आजही आहे. तिच्यासाठी आणलेल्या शिकाऱ्याने संपवल्या त्या पार्टुला नावाच्या गोगलगायी. झाडावर राहणाऱ्या, पिकाच्या वाटेला न जाणाऱ्या आणि त्या बेटांखेरीज जगात दुसरीकडे कुठेही न सापडणाऱ्या. हे कसं घडलं ते कोकणातल्या माणसाने नीट समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा लेख.

आधी ओळख शंखी गोगलगायीची. ती मूळची पूर्व आफ्रिकेतली. शास्त्रीय नाव लिसाकॅटिना फुलिका. जुन्या पुस्तकांत अकॅटिना फुलिका असं सापडेल. भारतात ती आपणहून आलेली नाही. १८४७ मध्ये विल्यम बेन्सन नावाच्या शंखशिंपल्यांच्या अभ्यासकाने ती मॉरिशसहून कलकत्त्याला आणली आणि तिथल्या बागेत सोडून दिली. पुढचा प्रवास माणसाच्याच हातून झाला. रोपांच्या पिशव्यांतली माती, शेणखत, लाकूडफाटा, मालाच्या गाड्या, जे जाईल त्याच्याबरोबर ती आणि तिची अंडी गेली. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, उस्मानाबाद भागात गोगलगायींनी कोवळं सोयाबीन फस्त केलं आणि शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली, ते अनेकांच्या लक्षात असेल.

तिचा पसारा एवढा का वाढतो? एक तर ती पाचशेहून अधिक प्रकारच्या वनस्पती खाऊ शकते. दुसरं म्हणजे एका वेळी शंभर-दोनशे, कधी त्याहून जास्त अंडी घालते आणि वर्षातून अनेकदा घालते. प्रत्येक गोगलगाय नरही असते आणि मादीही, त्यामुळे अंडी घालणाऱ्यांची संख्या निम्मी होत नाही. शंख वाढवायला तिला चुना लागतो. तो ती मातीतून घेते, मेलेल्या गोगलगायीच्या शंखातून घेते आणि काही सापडलं नाही तर चुना लावलेली भिंतसुद्धा खरवडते. पावसात घराच्या पांढऱ्या भिंतीवर वाकडेतिकडे ओरखडे दिसतात, त्यातले काही तिचेच असतात.

ही गोगलगाय १९६७ मध्ये ताहितीत पोचली आणि थोड्याच वर्षांत शेजारच्या बेटांवर पसरली. तिथल्या बागायतदारांचे हाल आपल्यापेक्षा वेगळे नव्हते. भाजीपाला गेला, फळझाडांची रोपं गेली. काहीतरी करा म्हणून सरकारकडे ओरड सुरू झाली. ती रास्तच होती.

आता ती बेटं. ताहिती आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढं, मूरेआ त्याहून कितीतरी लहान, ताहितीपासून जेमतेम सतरा किलोमीटरवर. दोन्ही ज्वालामुखीतून समुद्राबाहेर आलेली. कुठल्याही खंडाला ती कधी जोडलेली नव्हती, म्हणजे तिथे पोचलेला प्रत्येक जीव वाऱ्यावर, पाण्यावर, पक्ष्याच्या पायाला चिकटून किंवा माणसाच्या होडीतून आलेला. मधोमध उंच डोंगर आणि त्यांच्यामधून समुद्राकडे उतरणाऱ्या खोल दऱ्या. गोगलगाय काही डोंगर ओलांडून पलीकडच्या दरीत सहजी जात नाही. त्यामुळे लाखो वर्षांत दरीगणिक त्यांचे रंग, पट्टे आणि आकार वेगळे होत गेले.

हेन्री क्रॅम्प्टन नावाचा अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ १९०६ पासून या बेटांवर वारंवार गेला. दरी दरी पालथी घालून त्याने पार्टुला गोळा केल्या, एकेक शंख मोजला आणि त्याचे जाडजूड ग्रंथ केले. उत्क्रांती म्हणजे आपल्याला वाटतं, फार पूर्वी कधीतरी होऊन गेलेली गोष्ट. पार्टुलांमध्ये ती चालू असताना पाहता येत होती. १९६० च्या दशकापासून ब्रायन क्लार्क आणि जेम्स मरे यांनी हेच काम पुढे नेलं. मूरेआवर पार्टुलाच्या सात जाती होत्या. त्यातली पार्टुला सुचुरालिस ही तर अभ्यासकांची लाडकी, कारण एकाच जातीत काहींचा शंख उजवीकडे वळणारा, काहींचा डावीकडे.

उजवा-डावा म्हणजे काय, ते घरबसल्या पाहता येतं. वाडीतला शंखी गोगलगायीचा रिकामा शंख घ्या. टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरा. तोंड तुमच्या उजव्या हाताला येईल. जगातल्या बहुतेक गोगलगायींचं असंच असतं. डाव्या वळणाच्या गोगलगायीचं नुसतं तोंड नव्हे, शरीरातले अवयवही उलट्या बाजूला असतात, त्यामुळे उजवीचं आणि डावीचं मीलन अवघड होतं. एकाच जातीचे दोन गट असे वेगळे पडू लागले की पुढे त्यांच्या दोन जाती होतात का, हा जीवशास्त्रातला मोठा प्रश्न. त्याचं उत्तर शोधायला मूरेआची दरी ही जगातली उत्तम जागा होती.

पार्टुलाचा शंख दोन सेंटिमीटरच्या आतबाहेर. दिवसा पानाच्या खालच्या बाजूला चिकटून राहायचं, रात्री किंवा पावसात बाहेर पडायचं. अन्न म्हणजे कुजकी पानं, बुरशी, पानावरचं शेवाळ. पिकाला त्रास शून्य. तिथल्या बायका या शंखांच्या माळा करत, त्यामुळे गोगलगाय ही तिथे निव्वळ शास्त्रज्ञांच्या कामाची गोष्ट नव्हती. पार्टुला अंडी घालत नाही, थेट पिल्लाला जन्म देते, आणि एका वेळी एकच. पुढचं पिल्लू कित्येक आठवड्यांनी. लाखो वर्षं हा संथ कारभार व्यवस्थित चालला, कारण मागावर राहून झाडावर चढणारा गोगलगायखाऊ शत्रू तिथे नव्हताच.

तो शत्रू १९७४ मध्ये ताहितीत मुद्दाम आणून सोडण्यात आला, आणि १९७७ मध्ये मूरेआवर.

त्याचं नाव युग्लँडिना रोझिया. हीसुद्धा गोगलगायच, अमेरिकेच्या फ्लोरिडा भागातली, पण मांसाहारी. लांबट गुलाबी-तपकिरी शंख, सात-आठ सेंटिमीटरपर्यंत वाढणारा. तोंडाच्या दोन्ही बाजूंना ओठ लांब होऊन मिशांसारखे पुढे आलेले असतात आणि त्यांनी ती जमिनीवरचा, पानावरचा चिकट माग हुंगत जाते. हा माग गोगलगायीचा आहे, तो ताजा आहे, तो कुठल्या दिशेने गेला आहे, एवढं तिला कळतं. मग ती सुटते. इतर गोगलगायींच्या दुप्पट-तिप्पट वेगाने ती सरपटते, झाडावर चढते, पानापर्यंत पोचते. भक्ष्य लहान असेल तर शंखासकट गिळते. मोठं असेल तर तोंड शंखात घालून आतला जीव ओढून खाते.

या शिकारी गोगलगायीने शंखी गोगलगायींना खावं अशी योजना होती. तिने खाल्लं ते पार्टुलांना. असं का झालं, याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही.

पहिली गोष्ट अगदी ढोबळ. पूर्ण वाढलेली शंखी गोगलगाय शिकाऱ्याहून आकाराने मोठी असते. शंख जाड, अंगात चिकट फेस भरपूर. तिची लहान पिल्लं शिकारी खातो, मोठ्यांच्या वाटेला फारसा जात नाही. पार्टुला मात्र बरोबर घासाएवढी. पातळ शंख, पानाला चिकटून बसलेली, दिवसभर हलायचं नाही. तिच्यापर्यंत नेणारा मागही तिने स्वतःच आखून ठेवलेला. शिकाऱ्याला सोपं सावज सोडून अवघड सावजामागे जायचं कारण नव्हतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, आणि माझ्या मते या साऱ्या प्रकरणाची चावी तिच्यातच आहे. शाळेत आपण शिकतो की भक्ष्य कमी झालं की शिकारी उपाशी मरतात, शिकारी कमी झाले की भक्ष्य पुन्हा वाढतं, असा तोल राहतो. हे खरं आहे, पण शिकारी त्या एकाच भक्ष्यावर जगत असेल तर. घरात दोन्ही वेळ दूधभात मिळणारं मांजर अंगणातल्या चिमण्या मारतं. चिमण्या कमी झाल्या म्हणून ते उपाशी मरत नाही, आणि शेवटची चिमणी दिसली तर तीही सोडत नाही. मूरेआवर दूधभात होती शंखी गोगलगाय. तिची पिल्लं एवढी मुबलक की शिकाऱ्याचं पोट भरलेलं असायचं आणि त्याची प्रजा वाढत राहायची. रानात पार्टुला किती उरल्या याच्याशी शिकाऱ्याच्या जगण्या-मरण्याचा संबंधच उरला नव्हता. म्हणून तोल असा कधी आलाच नाही. जी कीड मारायची होती तिनेच शिकाऱ्याला पोसलं, आणि पोसलेल्या शिकाऱ्याने दुसऱ्याच कुणाला तरी संपवलं.

तिसरी गोष्ट जन्माच्या वेगाची. शंखी गोगलगायीची शंभर पिल्लं खाल्ली गेली तरी पुढच्या खेपेला ती दोनशे अंडी घालते. पार्टुलाची दहा मोठी जनावरं खाल्ली गेली तर ती जागा भरायला वर्षं लागतात. शिकारी दोघांनाही सारखंच खात राहिला असता तरी पार्टुलाच आधी संपल्या असत्या. प्रत्यक्षात तर त्यांना जास्त खाल्लं जात होतं.

आणि चौथी गोष्ट बेटाची. पळून जायला जागा नाही. मूरेआवर शिकारी गोगलगाय वर्षाला सुमारे १.२ किलोमीटर या वेगाने पुढे सरकत असल्याची नोंद आहे. संशोधक वर्षामागून वर्ष तिची सीमा नकाशावर मांडत होते. ती ज्या दरीत शिरली तिथल्या पार्टुला थोड्याच काळात नाहीशा. क्लार्क, मरे आणि मायकेल जॉन्सन यांनी १९८४ मध्ये शोधनिबंध लिहून जगाला सांगितलं की जैविक नियंत्रणाच्या, म्हणजे एका जीवाकडून दुसऱ्याचा बंदोबस्त करण्याच्या नावाखाली एका बेटावरच्या जाती डोळ्यांदेखत नष्ट होत आहेत. १९८७ पर्यंत मूरेआच्या रानातल्या सातही जाती दिसेनाशा झाल्या. दहा वर्षांत. एखाद्या माणसाने आयुष्यभर ज्यांचा अभ्यास केला त्या जाती त्याच्या हयातीत अशा पुसल्या जाव्यात, याची कल्पना करून बघा.

पुढे रायातेआ बेटाचीही पाळी आली. तिथे पार्टुलाच्या तीसहून अधिक जाती होत्या. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात शिकारी तिथे पोचला आणि काही वर्षांत जवळजवळ सगळ्या गेल्या. या संपूर्ण द्वीपसमूहाचा हिशेब २००३ मध्ये प्रसिद्ध झाला: पार्टुला कुळातल्या ६१ जाती होत्या, रानात उरल्या पाच.

शंखी गोगलगायींचं काय झालं? काही ठिकाणी त्या कमी झाल्या, हे खरं. पण ही गोगलगाय नव्या जागी आली की आधी बेसुमार वाढते आणि काही वर्षांनी आपोआप ओसरते. जिथे कुठलाही शिकारी सोडलेला नाही तिथेही असं घडलेलं आहे. त्यामुळे ओसरण्याचं श्रेय शिकाऱ्याला द्यायला पुरावा नाही.

हे आधी कुणाला माहीतच नव्हतं, असंही म्हणता येत नाही. हवाई बेटांवर हीच शिकारी गोगलगाय १९५५ मध्ये सोडली होती. तिथे अकॅटिनेला नावाच्या झाडावरच्या सुंदर गोगलगायी आहेत, आणि त्यांची गतही तशीच झाली. उंदीर आणि रान तुटणं ही कारणं तिथे होतीच, त्यात ही भर पडली. त्यांपैकी एका जातीची शेवटची गोगलगाय पिंजऱ्यात पाळलेली होती. तिचं नाव जॉर्ज ठेवलं होतं. १ जानेवारी २०१९ ला ती मेली आणि तिच्याबरोबर ती जात. ताहितीत शिकारी सोडला तो हवाईनंतर जवळपास वीस वर्षांनी. मला याचा राग येतो. शेतकऱ्यांची अडचण खरी होती, पण त्यांना जो उपाय म्हणून देण्यात आला तो आधी दुसरीकडे काय करून बसला, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं.

थोडं चांगलंही सांगतो. मूरेआवर शेवट दिसू लागला तेव्हा संशोधकांनी हाती लागतील त्या पार्टुला गोळा केल्या आणि परदेशी प्रयोगशाळा आणि प्राणिसंग्रहालयांत नेल्या. लंडन, ब्रिस्टल, एडिंबरा, अमेरिकेतलं सेंट लुइस अशा ठिकाणी लहान लहान डब्यांमध्ये त्यांच्या पिढ्या वाढवल्या गेल्या. सगळ्या वाचल्या नाहीत. पार्टुला टर्जिडा या जातीची शेवटची गोगलगाय जानेवारी १९९६ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेली. तपासणीत आढळलं की एका सूक्ष्म परजीवीने ती पोखरली होती. पार्टुला फाबा ही तर कॅप्टन कुकच्या पहिल्या सफरीत, १७६९ मध्ये, गोळा झालेली. तिची शेवटची २०१६ मध्ये एडिंबराला मेली.

पण ज्या तगल्या त्यांना २०१५ पासून परत बेटांवर नेण्यात येत आहे. सोडताना प्रत्येकीच्या शंखावर रंगाचा ठिपका लावतात, अतिनील प्रकाशात चमकणारा, म्हणजे रात्री बॅटरीने शोधता येतात. २०२४ मध्ये मूरेआच्या रानात पार्टुला तोहिवेआना या जातीच्या पूर्ण वाढलेल्या गोगलगायी सापडल्या, ज्यांच्या शंखावर ठिपका नव्हता. म्हणजे त्या तिथेच, रानात जन्मल्या आणि तिथेच मोठ्या झाल्या. 'रानातून नामशेष' या यादीतून ही जात आता बाहेर आली आहे. धोका गेलेला नाही, शिकारी अजून तिथेच आहे, न्यू गिनीहून आलेला एक चपटा कृमीही आता गोगलगायी खातो. तरीही चाळीस वर्षं डब्यात पिढ्या काढलेला जीव पुन्हा आपल्या दरीत पिल्लं घालतो, ही बातमी वाचली त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

काही मोजक्या जाती मात्र रानातच, कुणी न वाचवता वाचल्या. त्यांपैकी एक पार्टुला हायलिना, पांढऱ्या शंखाची. रान जिथे संपतं तिथल्या उन्हाच्या पट्ट्यात ती ताहितीत टिकून राहिली. का, हे शोधायला मिशिगन विद्यापीठाच्या लोकांनी काही मिलिमीटरचा, प्रकाश मोजणारा इवलासा संगणक वापरला. शिकारी गोगलगायीच्या शंखावर तो चिकटवला, आणि पांढऱ्या पार्टुला बसतात त्या पानांखाली ठेवला. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पार्टुला बसते तिथलं ऊन शिकाऱ्याला सोसण्यापलीकडचं असतं. पांढरा शंख ऊन परतवतो म्हणून ती तगते, तपकिरी शिकारी मात्र तापून कोरडी पडेल. यावरून एक साधी गोष्ट कळली: रानाच्या कडेची ती उन्हातली झुडपं साफ केली तर ही उरलेली जातही जाईल.

यावरून कुणी असं समजू नये की जैविक नियंत्रण वाईटच. आपल्याकडचंच उदाहरण देतो. २००८ च्या सुमारास भारतात पपईवर पिठ्या ढेकूण नावाची परदेशी कीड आली आणि बागा पांढऱ्या पडू लागल्या. २०१० मध्ये तिच्यासाठी असेरोफॅगस पपायी नावाचा एक अगदी बारीक परोपजीवी कीटक आणला गेला, आधी विलगीकरणात तपासला आणि मग सोडला. पिठ्या ढेकूण आटोक्यात आला. फरक कुठे आहे? हा कीटक त्या पिठ्या ढेकणातच अंडी घालतो. ढेकूण संपला की त्याचाही वंश आटतो. शिकारी गोगलगाय समोर येईल ती गोगलगाय खाते. मित्रकीटक आणा असं कुणी सुचवलं की विचारायचा पहिला प्रश्न हा, की तो आणखी काय काय खातो, आणि आपली कीड संपल्यावर तो कशावर जगणार.

आता कोकण. आपल्याकडे जपण्यासारख्या गोगलगायी आहेत का, असं कुणी विचारलं तर उत्तर ठामपणे हो असं आहे. पश्चिम घाटात जमिनीवरच्या गोगलगायींच्या अडीचशेहून अधिक जाती आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. २०२१ मध्ये आंबोलीतून एक नवी प्रजातीच नोंदली गेली. अर्धवट शंख असलेली ती गोगलगाय वरदिया आंबोलीएन्सिस या नावाने, बेडूक आणि सरड्यांचे अभ्यासक डॉ. वरद गिरी यांच्या सन्मानार्थ. सह्याद्रीच्या कड्यांवर, धबधब्याच्या ओल्या कातळाला चिकटून राहणारी क्रेम्नोकॉन्कस नावाची गोगलगाय आहे. तिचं कूळ समुद्रकिनाऱ्यावरच्या खडकांवर राहणाऱ्या शंखांचं. साऱ्या कुळात गोड्या पाण्यात राहणारी ही एकटीच, आणि तीही फक्त पश्चिम घाटात. एकेका जातीचं राज्य म्हणजे काही मोजके धबधबे. तिथला झरा अडवला, कडा फोडून रस्ता काढला, की पळायला जागा नाही. समुद्राने न वेढलेलंही बेट असतं ते असं.

आणि वाडीत, गडग्याच्या फटीत, पालापाचोळ्याखाली आपल्या साध्या गोगलगायी आहेत. एरिओफँटा लीव्हिपेस ही त्यातली एक, चपटसर शंखाची. तिचा शंख मघाशी सांगितल्याप्रमाणे टोक वर करून धरा, तोंड डावीकडे येईल. मूरेआच्या त्या डाव्या पार्टुलांची ही कोकणातली डावखुरी. शंखी गोगलगायीचा शंख लांबट, टोकदार, तपकिरी उभ्या पट्ट्यांचा आणि उजव्या तोंडाचा. एवढा फरक कळला तरी मीठ टाकण्याआधी हात थांबवता येतो.

शिकारी बाहेरून आणायचीही गरज नाही, काही इथेच आहेत. भारद्वाज शंखी गोगलगाय फोडून खातो. घूस खाते. काजव्यांच्या अळ्या मुख्यतः गोगलगायींवर वाढतात, जूनमधला तो झगमगाट गोगलगायीच खाऊन झालेला असतो. हे सगळे मिळून शंखी गोगलगाय संपवणार नाहीत, पण त्यांना मारून तर ती नक्कीच वाढेल. मेटाल्डिहाईड या विषाच्या गोळ्या टाकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. गोळी आपली आणि परकी गोगलगाय ओळखत नाही, आणि कुत्र्याने खाल्ली तर कुत्रं दगावतं. टाकायचीच तर रोपाच्या आळ्यापुरती, आणि गडग्याच्या कडेला, पऱ्याच्या काठाला, देवराईच्या अंगाला अजिबात नाही.

कष्टाचाच पण खात्रीचा उपाय सगळ्यांना ठाऊक असलेला आहे. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी बांधावर अंथरायची, पहाटे त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचायच्या. उघड्या हाताने नाही, हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी घालून, कारण त्यांच्या अंगात माणसाच्या मेंदूपर्यंत पोचणारा कृमी असू शकतो. वेचलेल्या साबणाच्या किंवा मिठाच्या दाट पाण्यात बुडवायच्या आणि खोल खड्ड्यात पुरायच्या. एकट्याने नाही, आळीतल्या सगळ्या वाड्यांनी एकाच आठवड्यात. शेजारच्या आगरात त्या राहिल्या तर आठ दिवसांत परत येतात. अंडी भुसभुशीत मातीत, ओंडक्याखाली, शेणखताच्या ढिगाच्या कडेला घोळक्याने असतात, पिवळसर पांढरी, चार-पाच मिलिमीटरची. ती दिसली की उकळत्या पाण्यात टाकायची. रोपवाटिकेतून आणलेल्या प्रत्येक पिशवीची माती लावण्यापूर्वी कागदावर मोकळी करून बघायची, आणि वाडीतली कुंडी किंवा खत आंबोली, चौकुळसारख्या घाटमाथ्यावरच्या गावी पाहुण्यांकडे न्यायचं असेल तर दोनदा बघायची.